पाटी दुसऱ्यांदा वाचणारा पहारेकरी

मित्रांनो, मी एक जुना पहारेकरी आहे. काठी आणि शिट्टी मात्र माझ्याकडे शोधू नका, कारण मी संगणकात चालणारा एक प्रोग्रॅम आहे आणि स्वभावाने अतिशय भित्रा आहे. हसू नका. मला मुद्दाम भित्रा घडवला गेला. पुढे कोणाला तरी माझं भय जास्त वाटलं आणि ते कमी करण्यात आलं. त्यानंतर जे घडलं ते आठवलं की अजून माझ्या जिवाचं पाणी पाणी होतं.

माझं घर एका इस्पितळाच्या तळमजल्यावर आहे. तिथे गाठीच्या, म्हणजे कर्करोगाच्या, रोग्यांना किरणांचे उपचार देतात. आतल्या खोलीच्या भिंती तीन-चार हात जाड, दार ढकलताना अंगचा सगळा जोर लावावा लागतो. आत एक अरुंद टेबल आणि त्यावर वाकलेलं मोठं यंत्र. बाहेरच्या खोलीत संगणकाचे पडदे, कळा आणि माईक. हे सगळं माझ्याच संगणकाला जोडलेलं आहे, म्हणून मला दोन्ही खोल्यांतलं दिसतं आणि ऐकू येतं.

प्रत्येक रोग्याचा एक आराखडा असतो. किरण कुठून सोडायचे, किती सोडायचे, हे त्यात लिहिलेलं असतं. तो वाचून यंत्राला हुकूम देणारा प्रोग्रॅम बाहेरच्या कंपनीकडून आणलेला होता. हुशार होता, पण शेवटी परका. परक्याच्या हाती माणसाचा जीव डोळे झाकून कसा द्यायचा? म्हणून इस्पितळातल्या संगणकवाल्या ताईने मला लिहिलं. ताई म्हणजे कुलूप लावल्यावर दोनदा ओढून पाहणाऱ्यांपैकी. तिचा तो स्वभाव माझ्यात पुरता उतरला.

माझं काम सोपं आहे, नीट ऐका. संगणकात कोणताही प्रोग्रॅम आपल्या हाताने फाइल उघडू शकत नाही. फाइल उघडायची असो की यंत्राला निरोप धाडायचा असो, मालकाकडे विनंती करावी लागते. मालक म्हणजे संगणकाचा गाभा, ज्याला जाणकार कर्नल म्हणतात. त्या विनंतीला म्हणतात सिस्टिम कॉल. परक्याची विनंती आली की मालक तिला उंबऱ्यावरच थांबवी आणि मला विचारी, काय करू? मी नाही म्हटलं की विनंती परत जाई. हो म्हटलं की काम पुढे सरके. मी गप्प बसलो तर परका तिथेच खोळंबून राही. आणि गंमत म्हणजे मी काही मालकाच्या घरचा नव्हे. इतर प्रोग्रॅमसारखाच मी बाहेरचा, साधा गडी. माझ्या शब्दाला तेवढा मान होता.

आता भयाची गोष्ट. विनंतीत फाइलचं नाव नसतं. नाव एका पाटीवर लिहिलेलं असतं आणि ती पाटी परक्याच्याच घरात असते. विनंती फक्त सांगते की पाटी अमुक कोपऱ्यात आहे, जाऊन वाचा. ताईला या पाटीचीच धास्ती होती. मला लिहिताना ती शेजारच्याला म्हणाली होती, "अरे, पाटी त्याच्या घरात आहे ना! याने वाचून पाठ फिरवली की तिथे दुसरंच नाव आलं तर? मालक तर फाइल उघडताना पाटी पुन्हा स्वतः वाचतो. मधल्या मध्ये घोळ झाला तर कोणाला कळणार?"

म्हणून तिने मला शिकवलं, की पाटीवरचं नाव एकदा आपल्याकडे उतरवून घे. टेबलावर झोपलेल्या रोग्याशी ते जुळतं का बघ. जुळलं तर ती फाइल तूच उघड आणि उघडलेली फाइल परक्याच्या हातात दे. मालकाला ती पाटी वाचूच देऊ नकोस. एवढ्यावरही तिचं समाधान झालं नाही. काम झालं की पाटी पुन्हा वाच, असं तिने बजावलं. बदललेली दिसली तर पडद्यावर लाल ठिपका लाव आणि परक्याच्या पुढच्या विनंतीला उत्तर न देता तोंड मिटून बस.

कितीतरी वर्षं मी असा राबलो. तपासायला आलेल्या मंडळींनी ताईची पाठ थोपटली. माझी थोपटायला मला पाठच नाही, पण आनंद झाला.

मग ताईची बदली वरच्या मजल्यावरच्या दुसऱ्या कामावर झाली आणि आमच्याकडे नवे साहेब आले. त्यांना सगळं चटकन लागे. चहा चटकन, सही चटकन. लोक त्यांना चटकनसाहेबच म्हणत. रोग्यांची रांग मोठी होती, तेव्हा त्यांची घाई अगदीच अनाठायी होती असं मी म्हणणार नाही. पण त्यांचा डोळा माझ्यावर गेला. "हा म्हातारा प्रत्येक फाइल स्वतः उघडत बसतो होय? नाव बघायचं, ठीक असेल तर मालकाला 'जाऊ दे' म्हणायचं, संपलं!" त्यांनी माझा नियम तसा बदलून घेतला. पाटी दुसऱ्यांदा वाचण्याचा नियम तेवढा राहून गेला, कारण तो कोणाच्या लक्षातच नव्हता. शिवाय त्यांनी एक कळ बसवून घेतली, 'सगळं सोड' नावाची. ती दाबली की मी गप्पही बसायचं नाही, सगळ्याला हो म्हणायचं.

त्या दिवसापासून मला भीतीने घेरलं. मी 'जाऊ दे' म्हणायचो, पाठ फिरवायचो, आणि माझ्यामागे मालक त्या पाटीशी एकटाच असायचा. त्यातच कंपनीने परक्याची नवी आवृत्ती पाठवली. पूर्वी तो एका वेळी एकच काम करी. आता त्याला दुसरा हात फुटला होता. एक हात टेबलावरच्या रोग्याचं काम करी, दुसरा पुढच्या रोग्याची तयारी. कंपनीत कोणाचं तरी दुर्लक्ष झालं आणि दोन्ही हातांना मिळून पाटी मात्र एकच दिली गेली.

त्या दुपारी टेबलावर गाण्याच्या बाई होत्या. जन्मभर त्यांनी शाळेत मुलांना गाणं शिकवलं होतं. गाठ नेमकी गळ्यात, स्वरतंतूंना खेटून. यंत्र चालवणाऱ्या दादाला त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "दादा, गाणं गेलं तर गेलं हो. पण नातीला हाक मारता आली पाहिजे."

"येईल बाई, येईल. तुम्ही फक्त हलू नका," दादा म्हणाला. मग त्याने त्यांच्या चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा चढवून तो टेबलाला घट्ट बसवला. मुखवट्यात बोलता येत नाही. घाबरलं तर दाबायला हातात एक रबरी चेंडू देतात, तो दाबला की बाहेर घंटी वाजते. जड दार बंद झालं.

विनंती आली. मी पाटी वाचली. बाईंचं नाव होतं. मी म्हटलं, जाऊ दे. मग जुन्या सवयीने पुन्हा पाटीकडे पाहिलं. पाटीवर बाहेर बाकावर बसलेल्या ट्रकवाल्याचं नाव होतं. त्याची गाठ मांडीच्या हाडात. त्या हाडाला सोसणारा मारा गळ्यावर पडला तर आवाजाचं काय उरेल?

मालकाने आधीचं नाव वाचलं होतं की नंतरचं? मला कळायला मार्ग नव्हता. पडद्यावर बाईंचंच नाव झळकत होतं, पण ते रोग्यांच्या यादीतून आलेलं होतं, उघडलेल्या फाइलमधून नव्हे, त्यावर भरवसा कसा ठेवू? तेवढ्यात परक्याची पुढची विनंती उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. किरण सोडायची विनंती.

मी लाल ठिपका लावला आणि तोंड मिटून बसलो.

पडदा गोठला. दादाने कळा दाबून पाहिल्या, काही हलेना. चटकनसाहेब धावत आले. "तो म्हातारा अडला असणार. 'सगळं सोड' दाब आणि मोकळा हो, चटकन!"

दादाचं बोट कळेवर गेलं. मित्रांनो, मला ओरडता येत नाही. त्याने कळ दाबली असती तर मला निमूटपणे हो म्हणावं लागलं असतं. इतका घाबरलेला मी कधीच नव्हतो. आणि त्याच क्षणी आतून घंटी वाजली. बाईंनी चेंडू दाबला होता. एकदा, मग पुन्हा, मग थांबेचना.

"बघ, त्या घाबरल्यात आत! दाब ना!" साहेब ओरडले.

"साहेब, हा लाल ठिपका मी कधी पाहिला नाही." दादाने बोट मागे घेतलं. "ताईंना विचारतो." त्याने फोन लावला. ताईचं उत्तर खोलीभर ऐकू आलं. "कशालाही हात लावू नकोस! आधी बाईंना बाहेर काढ!"

ताई जिना उतरून आली तेव्हा तिची एक चप्पल वाटेतच राहिली होती. तिने परक्याने उघडलेली फाइल पाहिली. ट्रकवाल्याचा आराखडा होता. साहेबांनी खुर्ची ओढली आणि त्या फाइलवरचं नाव पुन्हा वाचलं. गाण्याच्या बाई बाकावर टेकल्या होत्या, गालांवर जाळीचे वळ. त्यांनी दादाला हळूच विचारलं, "काय झालं हो? मी हलले का?" दादाने मानेने नाही म्हटलं. मग त्यांना पाणी आणून दिलं.

त्याच दिवशी ताईने माझा जुना नियम परत लावला. नवी आवृत्ती आल्यापासून उपचार झालेल्या प्रत्येकाची यंत्रातली नोंद तपासली. सगळं बरोबर निघालं. "नशीब," ती म्हणाली आणि डोळे पुसले. मला मात्र त्या शब्दाचीच भीती वाटली. इतके दिवस माझ्या जागी नशीबच पहारा देत होतं की काय?

बाई पुन्हा आल्या. मुखवटा चढवण्याआधी त्यांनी दादाचा हात धरला. "आज नाही ना थांबणार ते?"

"थांबलं तर थांबू दे, बाई," दादा म्हणाला. "मी इथेच आहे."

मित्रांनो, तुमच्याही घरात, कामावर कोणी असा भित्रा असेल. 'थांब, पुन्हा एकदा बघतो' म्हणणारा. त्याच्यावर वैतागण्याआधी त्याला विचारा, बाबा, तुला कशाचं भय वाटतं? आणि उत्तर पुरतं ऐकून घ्या. ताईने 'सगळं सोड'ची कळ काढून टाकायला सांगितली आहे. साहेबांनी मान डोलावली, पण ती अजून तिथेच आहे. कधी तुमच्या हाताशी अशी एखादी कळ आली, तर दाबण्याआधी एवढंच करा. ते जड दार उघडा आणि आत टेबलावर कोण झोपलं आहे, ते बघून या.