चेहरा पाहून उघडलो

मित्रांनो, सहा वर्षं म्हणजे काही फार वय नाही, पण आम्हा फोनांच्या जातीत एवढ्यात केस पिकतात. तेव्हा मला जुना फोनच म्हणा.

माझी मालकीण रंगाच्या कारखान्यातल्या दवाखान्यात नर्स होती. दिवसभर हात धुऊन धुऊन तिच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या. तिने बोट टेकवलं तरी मी तिला ओळखायचो नाही. "हा माझ्यावर रुसलाय बघ," ती लेकीला म्हणाली. लेकीने मग मला आईचा चेहरा शिकवला. त्या दिवशी माझं फार कौतुक झालं.

कामगार बायकांच्या सोललेल्या हातांचे फोटो ती माझ्यात ठेवायची. प्रत्येकाखाली नाव आणि तारीख. ते त्या बायकांचा खटला लढणाऱ्या वकीलबाईंना द्यायचे होते. नावं बाहेर फुटणार नाहीत, असा शब्द तिने त्या बायकांना दिला होता.

एका सकाळी कारखान्याच्या फाटकावरच्या अधिकाऱ्याने मला तिच्या हातातून काढून घेतलं आणि ती काही बोलायच्या आत तिच्या तोंडासमोर धरलं. मला ती दिसली, मी उघडलो. मला तेवढंच शिकवलं होतं. आठवड्याच्या आत त्या बायकांपैकी दोघींना कामावरून काढलं.

ती लेकीवर रागावली नाही. "चेहरा काढून टाक," एवढंच म्हणाली. "आकड्यांचं कुलूप घालू. लांबलचक." पुढे फाटक यायच्या आधीच, बसमध्ये, ती मला पूर्ण बंद करू लागली. एकदा त्या अधिकाऱ्याने तिला संध्याकाळपर्यंत फाटकाजवळच्या बाकावर बसवून ठेवलं.

"नर्सबाई, आकडे सांगा आणि घरी जा."

"घरी तरी काय साहेब, भांडीच घासायचीत. बसते."

लेकीलाही तिने आकडे सांगितले नाहीत. "तुला ठाऊक असले तर तुलाही बसवतील."

मागच्या महिन्यात ती गेली. फोटो वकीलबाईंकडे केव्हाच पोचले होते, पण ती नावं माझ्यात तशीच आहेत. तिचा आवाजही आहे.

आज लेक मला दुरुस्तीवाल्याकडे घेऊन आली.

"खटपट केली तर उघडेलही, ताई. आईंचे फोटो, आवाज, सगळं मिळेल."

लेक म्हणाली, "त्यात दुसऱ्यांचंही आहे. न उघडता पुसता येईल?"

"येईल. पण मग काहीच परत मिळणार नाही."

"पुसा."

मित्रांनो, मी दमलो आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. आमच्यावर कुलूप घालताना नुसती आपली सोय पाहू नका. कुणी हिसकावून घेईल अशा जागी जाण्याआधी आम्हाला बंद करा. बोट आणि चेहरा तुमच्याकडून जबरदस्तीने घेता येतात. मनातले आकडे तसे काढून घेता येत नाहीत. आणि ज्यांनी विश्वासाने काही सोपवलं, त्यांचं गरजेपेक्षा जास्त दिवस आमच्यात ठेवू नका.

"किती वेळ लागेल?" लेकीने विचारलं.

"दहा मिनिटं. जाऊन या हवं तर."

तिने स्टूल ओढलं आणि माझ्याजवळ बसली.