वीतभर दुमड

पाटीवर एकच शब्द होता : ‘काढ’.

सर्जेरावानं तो वाचला, खांद्यावरचं दोराचं वेटोळं खाली ठेवलं आणि पुन्हा एकदा वाचला. त्याचं शिक्षण चौथीपर्यंत झालं होतं आणि दोन अक्षरांना ते पुरून उरत होतं. पण बोअरमधली मोटर वर काढायच्या आधी मालकाला तीनदा विचारायचं, असा त्याचा धंद्याचा नियम होता. कारण दोनशे फुटांवरून मोटर ओढून वर आणली, की मालकाला हमखास आठवायचं, की फ्यूज गेला होता.

“सगळंच काढू?”

तारमास्तरांनी मान हलवली.

“मनोरा बी?”

मान हलली.

“तुमचा पोरगा इंद्रजीत म्हनतोय म्हनून, का तुमचं तुमाला वाटतंय?”

मास्तरांनी पाटी पुसली, पुन्हा ‘काढ’ लिहिलं आणि खाली रेघ मारली.

तारमास्तरांचं नाव आनंदराव. तीस वर्षं त्यांनी दौंड जंक्शनात तारेच्या खटक्यावर टकटक केली. कुठली मालगाडी सुटली, कुठली अडकली, कुठल्या साहेबाच्या सासऱ्यांचं काय झालं, हे सगळं त्यांच्या बोटांतून जायचं. निवृत्त झाले त्या दिवशी स्टेशनानं त्यांना एक जुना पितळी खटका भेट दिला. घरी येताच मास्तरांनी तो कपाटावर ठेवला आणि जाहीर केलं, की आजवर बोटांनी बोललो, आता तोंडानं बोलणार. मग त्यांनी सरकारची परीक्षा दिली, दिल्लीहून परवाना आणला, हॅम रेडिओचा बोलायचा सेट आणला आणि मांडवगण फराट्याला आपल्या घरामागं हवेतून बोलण्यासाठी मनोरा उभा करायचं ठरवलं. ही एक्याण्णव सालातली गोष्ट.

गावात उंचावरचं काम करणारा माणूस नव्हता. खोलावरचं काम करणारा सर्जेराव होता. जो दोनशे फूट खाली पाइप उभा सोडतो, त्याला चाळीस फूट वर उभा करणं जड जाऊ नये, असं मास्तरांचं म्हणणं. सर्जेरावालाही ते पटलं. “उलटा बोअर हाय,” असं म्हणून त्यानं मोटर ओढायची कप्पी आणि साखळी आणली, लोखंडी अँगलचा मनोरा चार दिवसांत उभा केला आणि त्याला तीन बाजूंनी लोखंडी तारांचे ताण दिले. समोर बांधावर पाइपचा दुसरा खांब रोवला. दोन्हींच्या मध्ये तांब्याची तार. तिथून पुढं तेरा वर्षं दर उन्हाळ्यात ताण आवळायचे, नट-बोल्टांना ग्रीस लावायचं आणि कप्पीतला दोर बदलायचा, हे काम सर्जेरावाकडंच राहिलं. वादळानं गावातले विजेचे खांब अनेकदा पडले. मनोरा पडला नाही. प्रत्येक वादळानंतर सर्जेराव विजेच्या ऑफिसवरून मुद्दाम सावकाश जायचा.

गावाची मात्र थोडी निराशा झाली. मास्तर दिल्लीपर्यंत बोलतात असं कळल्यावर सरपंच लोडशेडिंगचं गाऱ्हाणं घेऊन आले. मास्तरांनी त्यांना नियम समजावला. या यंत्रावर धंद्याचं बोलायचं नाही, राजकारण बोलायचं नाही, दुसऱ्याचा निरोप सांगायचा नाही.

“मग बोलता काय?”

“हवामान. तब्येत. आणि ऐकू येतंय का, ते.”

“आन् ते काय म्हनत्यात?”

“येतंय म्हणतात.”

एवढ्यासाठी चाळीस फुटी मनोरा, यावर सरपंच बराच वेळ विचार करत बसले, आणि चहा घेऊन गेले.

सर्जेराव आणि मास्तर यांच्यात तेरा वर्षांत एकच वाद झाला. तो तेरा वर्षं चालला. तार चढवली त्या पहिल्या दिवशी मास्तरांनी मीटर लावून पाहिलं आणि सांगितलं, तार लांब झाली, दोन्ही टोकांना वीतवीतभर काप. सर्जेरावानं तार खाली घेतली, दोन्ही टोकं वीतभर मागं दुमडली, तिच्यावरच पिळून घट्ट बसवली आणि परत वर चढवली. मीटरचा काटा बरोबर जागेवर आला. मास्तर चिडले.

“काप म्हटलं होतं.”

“काटा जाग्याव आला न्हवं?”

“आला. पण पुस्तकात दुमडायचं लिहिलेलं नाही.”

“आज तोकडी लागती. उंद्या लांब लागली म्हंजी?”

“लागणार नाही. शास्त्र आहे ते.”

सर्जेरावाचं शास्त्र वेगळं होतं. त्याची बायको कुशाबाई लेकीच्या शाळेचा झगा शिवताना खाली चार बोटं दुमड ठेवायची आणि दर जूनला एकेक बोट उसवायची. सायली पहिलीपासून चौथीपर्यंत एका झग्यावर शिकली. मोटरीची जास्तीची केबलसुद्धा सर्जेरावानं कधी कापली नाही. गुंडाळी करून खुंटीला टांगली. मास्तर दर वर्षी ग्रीस लावायच्या दिवशी वर बघून म्हणायचे, “ती दुमड काढ रे, शेपटासारखी दिसते.” आणि सर्जेराव दर वर्षी म्हणायचा, “बघू.”

यंदा मात्र मास्तर काहीच म्हणाले नव्हते. फेब्रुवारीत पुण्याला त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि गाठीबरोबर आवाजही काढावा लागला. तब्येत सुधारली, जेवण सुरू झालं, पण गळ्यावर पांढरं फडकं आणि हातात पाटी आली. रोज सकाळी साडेसातला ते सेटवर चार मित्रांशी बोलायचे. आता बरोबर साडेसातला खुर्ची उचलून सेटकडं पाठ करून बसायचे. मुलगा इंद्रजीत कुरकुंभच्या कंपनीत शिफ्टवर होता. त्याला ते बघवेना. रोज समोर तार दिसणार आणि रोज जखम उघडी होणार, त्यापेक्षा एकदा उतरवलेलं बरं, असं त्यानं ठरवलं. मनोरा शाळेला झेंड्यासाठी द्यायचा होता. मुख्याध्यापक येऊन टेप लावून गेलेही होते. त्यांना तो दोन फूट जास्त वाटला. तेवढा कापू, म्हणाले. सर्जेरावाला माणूस तिथंच नापसंत झाला.

तार खाली घ्यायला त्यानं दोर सोडला, तर दोर हलेना. तीन महिने कुणी हात लावला नव्हता. कप्पी जाम झाली होती. अठ्ठावन्नाव्या वर्षी सर्जेराव टोपी खिशात घालून मनोरा चढू लागला. खाली पायथ्याशी मास्तर खुर्चीत बसले होते. त्यांच्या हातात चमचा होता.

चमच्याचीही एक हकिकत होती. काही लागलं तर वाजवा, म्हणून सून प्रगतीनं तो दिला होता. मास्तर सारखे वाजवायचे. प्रगती पाणी घेऊन यायची. सून कष्टानं आली म्हणून मास्तर प्यायचे. त्या तीन महिन्यांत त्यांना जेवढं पाणी मिळालं, तेवढं गावातल्या निम्म्या बोअरांना नव्हतं.

सर्जेराव वर पोचला. एका हातानं मनोऱ्याला मिठी मारून दुसऱ्या हातानं कप्पीत तेल सोडलं, आणि ते मुरेपर्यंत कान लोखंडाला टेकवून थांबला. ही त्याची जुनी खोड. बोअरच्या पाइपला कान लावला, की खाली मोटरीचं काय चाललंय ते त्याला कळायचं. बेअरिंग गेलं असेल तर खरखर, पाणी तुटलं असेल तर कोरडी गुरगुर.

लोखंडातून आवाज येत होता. टक, टक्, टकटक, टक. थांबला. पुन्हा तोच. पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा तोच, एका ठोक्याचाही फरक नाही.

सर्जेरावानं खाली पाहिलं. मास्तर मनोऱ्याच्या पायावर चमचा वाजवत होते. प्रगती पाण्याचा तांब्या घेऊन निघाली होती.

सर्जेराव खाली उतरला.

“पानी पायजे का, मास्तर?”

मास्तरांनी मानेनं नाही म्हटलं. प्रगती तांब्या घेऊन जागच्या जागी उभी राहिली.

“मग ह्ये काय वाजिवताय?”

मास्तरांनी आपल्या हाताकडं पाहिलं. दुसऱ्याच कुणाचा हात असावा तसं. मग पाटीवर लिहिलं, ‘सवय’.

“सवय न्हाई. तीनदा एकच वाजलं. बिघडलेल्या मोटरीचा आवाज मला कळतो. ही चालू मोटर हाय.”

मास्तरांनी पाटी पुसली. पुसलेली पाटी पुन्हा पुसली. मग लिहिलं, ‘ऐकू येतंय का.’

“आलं की मला. चाळीस फुटाव आलं.”

प्रगतीनं तांब्या खाली ठेवला. तीन महिने ती या प्रश्नाला पाणी देत होती.

“मास्तर,” सर्जेराव म्हणाला, “ह्यो आवाज तारंवरनं जात न्हाई का?”

मास्तरांनी खडू उचलला. ‘जातो.’ मग खाली, घाईघाईनं : ‘बोलणारे वरच्या लहरींवर बसतात. टकटकवाले खालच्या. तार लांब लागते.’

खालचं पाणी घ्यायचं तर पाइप वाढवावा लागतो, एवढं कळायला दिल्लीचा परवाना लागत नाही.

“किती लांब?”

मास्तरांनी हात वर केला आणि अंगठा व करंगळी ताणून वीत दाखवली. दाखवली आणि हात तसाच राहिला. त्यांची नजर हळूहळू वर तारेच्या टोकाकडं गेली, तिथल्या शेपटाकडं, आणि तिथून खाली सर्जेरावाकडं आली. तेरा वर्षांचा वाद जिंकलेल्या माणसाला जितकं भोळं तोंड करता येईल, तितकं करून सर्जेराव गोठ्यातल्या म्हशीकडं बघत होता.

“कापली असती म्हंजी?” त्यानं म्हशीला विचारलं.

खडू करकरला. ‘गप. चढ.’

इंद्रजीत रात्रपाळी करून आला, तेव्हा दोन्ही टोकं सरळ होऊन तार परत वर चढली होती आणि सर्जेराव ताण आवळत होता.

“मामा, काढायचं ठरलं होतं ना?”

“काढली की. दुमड.”

“अहो, मनोरा काढायचा होता. बघून त्यांना त्रास होतो म्हणून म्हटलं मी.”

“मास्तरनी पाटीव निस्तं ‘काढ’ लिवलं हुतं. काय, ते लिवलं न्हवतं. ती दुमड काढ म्हनून तेरा साल मागं लागल्यात. म्हनलं आता माणूस आजारी हाय, ऐकावं.”

इंद्रजीत वडिलांकडं वळला. त्यांच्या मांडीवरच्या पाटीवर ‘गप. चढ.’ असं होतं. ते कुणासाठी आहे हे त्याला कळलं नाही. तो गप्प बसला. चढला मात्र नाही.

पितळी खटका सापडायला वेळ लागला. प्रगतीनं तो लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यावर, उडू नयेत म्हणून ठेवला होता. मास्तरांनी तो धोतराच्या सोग्यानं पुसला, सेटला जोडला आणि खुर्ची फिरवून सेटकडं तोंड करून बसले. इंद्रजीत दारात उभा होता. मास्तरांनी बोट ठेवलं आणि टकटक सुरू केली. थांबले. सेटमधून नुसती सळसळ आली.

पुन्हा वाजवलं. सळसळ.

इंद्रजीतनं सर्जेरावाकडं पाहिलं. सर्जेराव पाणी यायची वाट बघावी तसा निवांत उभा होता. मोटर सुरू केली, की पाइप भरायला वेळ लागतो.

तिसऱ्यांदा वाजवून मास्तर थांबले, आणि सळसळीच्या मागून बारीक टिरटिर आली. लांबून, पण न अडखळता. मास्तरांची पाठ ताठ झाली. डोळे सेटवर ठेवून उजव्या हातानं त्यांनी न बघता लिहायला घेतलं. तीस वर्षं ज्या अक्षरात मालगाड्या उतरवल्या, तेच अक्षर.

‘गुंटकलचा तारवाला.’ आणि खाली : ‘म्हणतो, रेल्वेचा हात दिसतो.’

“टकटकीवरून ओळखलं?” इंद्रजीतनं विचारलं. तो दमला होता, आणि हसत होता की काय ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

सर्जेरावाला यात काही नवल वाटलं नाही. कुणाची मोटर चालू आहे, हे तो रस्त्यावरून सांगायचा.

मास्तरांनी पुष्कळ वाजवलं, पुष्कळ ऐकलं. टिरटिर संपली तेव्हा सर्जेराव दोर खांद्यावर टाकून निघायच्या बेतात होता. दारात थांबून त्यानं विचारलं, “आवाज गेल्याचं सांगितलं का त्येला?”

मास्तरांनी मान हलवून नाही म्हटलं, आणि पाटी त्याच्याकडं फिरवली.

‘तुमचा आवाज स्वच्छ येतोय, म्हणाला.’

सर्जेरावानं ते एकदा वाचलं आणि पुन्हा एकदा वाचलं. मग टोपी घालून बाहेर पडला. शाळेच्या रस्त्यानं मुख्याध्यापक भेटले असते, म्हणून तो बांधावरून गेला. कोपऱ्यावर त्यानं सवयीनं मागं वळून ताण पाहिले. तिन्ही सरळ होते. वर तेरा उन्हाळ्यांनी काळी पडलेली तार होती, आणि तिच्या दोन्ही टोकांना वीतवीतभर तांबं, इतकी वर्षं पिळात झाकून राहिलेलं, कालच बाजारातून आणल्यासारखं उन्हात चमकत होतं.