बोलून ठेवलेली पोर

जुलैच्या उकाड्यात माझ्या घरी दोन लोकरीच्या वस्तू येऊन पडल्या होत्या आणि दोन्ही माझ्यासाठी होत्या. एक विणलेली टोपी, कपाळावर पांढरं हरीण असलेली. ती नॉर्वेहून आली. दुसरी काळी घोंगडी, फर्दापूरकडच्या मेंढरांच्या लोकरीची. ती रामकिसन सरांनी आणली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मला अचानक इतकी थंडी वाजत असेल असं दोघांना का वाटलं, ते मी ओळखून होते. दोघांनाही माझी नात हवी होती.

सई सतरा वर्षांची. माझ्या रूपालीची मुलगी, नॉर्वेत ट्रॉन्डहाइमला वाढलेली, फुटबॉलमध्ये गोलकीपर. जन्म मात्र इथला. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, यावर मी तेव्हा अडून बसले होते. रूपाली सातव्या महिन्यात विमानात बसली, निराला बाजाराजवळच्या दवाखान्यात सई झाली आणि शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, पाळणा सगळं करून घेऊन मायलेकी परत गेल्या. सईच्या पासपोर्टवर जन्मस्थळ म्हणून औरंगाबाद आहे. पासपोर्ट भारताचा. तो बदलायची गरज आजवर कुणाला पडली नव्हती.

आता पडली होती. नॉर्वेच्या एकोणीस वर्षांखालच्या मुलींच्या संघाला सई हवी होती, पण त्यासाठी तिने तिकडचं नागरिकत्व घ्यायला हवं. ते घेतलं की आपलं जातं. आपल्याकडे दोन ठेवता येत नाहीत. आणि भारताच्या संघाला तीच पोर हवी होती, ती अजून आपली आहे तोवर. रूपालीने तिकडे अर्ज भरून ठेवला होता. सईने हो म्हणायचं आणि रूपालीने तो पाठवायचा, एवढंच बाकी होतं. महिनाअखेरीच्या आत गेला तर ऑक्टोबरच्या शिबिराआधी काम झालं असतं.

मला काय हवं होतं ते सांगून टाकते. सईने भारताकडून खेळावं असं मला वाटत होतं. देशाचा अभिमान होताच, पण खरं कारण त्याहून लहान होतं. इथं शिबिरं झाली असती, मधल्या सुट्ट्यांत ती माझ्याकडे राहिली असती. केशव, माझे यजमान, गेल्यापासून माझ्या दाराशी एकाच माणसाच्या चपला असतात.

सई स्वतः काहीच बोलत नव्हती. नुसती हिंडत होती. सकाळी जिन्यात, मग गच्चीवर, मग खाली पार्किंगमध्ये. भिंतीवर चेंडू मारायचा, झेलायचा, पुन्हा मारायचा. वरच्या मजल्यावरच्या सत्यशीलाबाई एकदा गॅलरीतून वाकून म्हणाल्या, "शैलाताई, पाहुणी आहे म्हणून बोलत नाही हो, पण माझ्या फडताळातले कप नाचतात."

"काय ठरवलंस?" मी जेवताना विचारलं.

"आजी, आज तू तिसऱ्यांदा विचारलंस."

"मग तिसऱ्यांदा सांग."

"नाही माहीत." आणि ती हातमोज्याची पट्टी उघडायची, लावायची, उघडायची. कर्र, कर्र. तो आवाज ऐकून मलाही एका जागी बसवेना. मी कपाट लावलं आणि पुन्हा उपसलं. दूध गॅसवर ठेवून गॅलरीत गेले, ते उतू गेलं. रात्री कूस बदलून बदलून चादर पायाशी गोळा व्हायची.

रामकिसन सर पहिल्यांदा आले ते घोंगडी घेऊन. आमखास मैदानावर मुलींना फुटबॉल शिकवतात. वाडवडील मेंढरं घेऊन सोयगावपासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत हिंडायचे. दोन भाऊ अजूनही हिंडतात. दिल्लीच्या फुटबॉलवाल्यांनी त्यांना फोन करून सांगितलं होतं, त्या घराशी संबंध ठेवा.

"आजी, तुम्ही एक शब्द टाका," ते म्हणाले. "पोरगी तुमचं ऐकती."

"माझं तिच्या आईनेही कधी ऐकलं नाही."

"ऐकलं की! बाळंतपणाला आल्या नव्हत्या व्हय?" ते हसले. मग खुर्ची पुढं ओढून हळू आवाजात म्हणाले, "तिकडं दोन गोलकीपर हायेत, हिच्याहून तयार. ही तिसरी. म्हंजी बाकावर. खेळवायचं नाय, पन दुसऱ्याला मिळूबी द्यायचं नाय. समद्या देशांचं असंच चालतं आजकाल. चांगलं पोरगं दिसलं की बोलून ठेवत्यात."

बोलून ठेवतात. हा शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकला.

माझी थोरली बहीण मनकर्णा, आम्ही तिला अक्का म्हणायचो. तेव्हा आम्ही शहागंजात राहत होतो, वडील कचेरीत कारकून. अक्का सोळा वर्षांची असताना नांदेडच्या एका घराने तिला पाहिलं. पसंत आहे म्हणाले. मुलगा हैदराबादला वकिली शिकत होता, शिक्षण झालं की करू. दर दिवाळीला तिकडून खण यायचा, सोबत साखरेचा पुडा. मुलगी बोलून ठेवलेली, म्हणून दुसरं स्थळ कुणी आणायचं नाही; चुकून आलं तर वडील ओसरीवरूनच परत पाठवायचे. अक्काने खिडकीत उभं राहायचं नाही, मोठ्याने हसायचं नाही. "त्यांच्या कानावर गेलं तर?" आई म्हणायची. ते म्हणजे कोण, हे अक्काने एकदाच मान खाली घालून पाहिलं होतं. वडील मुहूर्ताचं विचारायला नांदेडला जायचे. ती माणसं त्यांना श्रीखंड-पुरीचं जेवण घालायची आणि तारीख सोडून सगळं बोलायची. मग एका दिवाळीला खण आला नाही. मुलाने हैदराबादेत लग्न केलं होतं. अक्काला पुढे सोयगावच्या एका बिजवराला दिली. संसार तिने नीट केला. पण म्हातारपणी एकदा वाती वळता वळता म्हणाली, "तू नको असं मला कुणी म्हटलंच नाही गं. म्हटलं असतं तर मी दुसरीकडे तरी बघितलं असतं."

सर गेल्यावर मी बराच वेळ घरात येरझारा घातल्या. नॉर्वेवाल्यांना काय विचारायचं, ते मला सापडलं होतं.

बुधवारी दुपारी तिकडच्या प्रशिक्षक बाईंचा व्हिडिओवर फोन यायचा होता. नाव सिलिया. नेमके तेव्हाच रामकिसन सर दारात हजर, हातात निळी जर्सी, पाठीवर सईचं नाव छापलेलं. त्यांना बसवते न बसवते तोच फोन वाजला. सर क्षणभर गोंधळले आणि जर्सी छातीशी धरून तडक स्वयंपाकघरात शिरले.

"अहो, तिकडे कुठं?"

"असू द्या, असू द्या. तिला दिसायला नको." ते फ्रिजच्या आड उभे राहिले.

सिलियाबाई पडद्यावर आल्या. सोनेरी केसांची, लालबुंद नाकाची, चाळिशीतली बाई. "नमस्कार आझी!" हे त्या कुणाकडून तरी शिकल्या होत्या. मग त्यांनी टोपीची चौकशी केली, म्हणून मला ती घालून दाखवावी लागली. लोकर कपाळाला टोचत होती आणि घाम कानामागून मानेवर उतरत होता. स्वयंपाकघराच्या दारातून सर माझ्याकडे अशा नजरेने बघत होते, जसं काही घोंगडीचा मी अपमानच केला.

"सई, विचार त्यांना," मी म्हणाले. "तुला मॅचमध्ये कधी उभी करणार? महिना सांगा म्हणावं. तारीख सांगितली तर उत्तमच."

"आजी, असं नाही विचारत कुणी."

"आमच्याकडे असंच विचारतात. विचार."

सईने विचारलं. सिलियाबाईंचं हसू गेलं. मग बोलल्या त्या सावकाश, एकेक वाक्य तोडून, म्हणजे सईला मला नीट सांगता यावं.

"ती म्हणते, या वर्षी नाही. माझ्या पुढे दोघीजणी आहेत. पुढच्या वर्षीचंही वचन देत नाही. कदाचित कधीच नाही." सईचा आवाज सपाट होता. "पण त्यांच्याबरोबर सराव केला तर मी खूप सुधारेन. आणि ती म्हणते, खोटं सांगून मला न्यायचं नाही तिला."

बाई एवढी सरळ निघेल असं मला वाटलं नव्हतं. तरी मी मनात म्हटलं, जिंकले. आत एक वाटी खाली पडून गरगरत राहिली.

फोन बंद होताच सर बाहेर आले. "बघा! म्हनलं नव्हतं? तिसरी!"

सईने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती. "आजी, आता तोच प्रश्न सरांना विचार."

"त्यांना काय विचारायचं? ते आपलेच आहेत."

"म्हणून विचार."

"मी चहा टाकते आधी."

"आजी, पळू नको ना."

मी टोपी काढली. ती काढायला मला अंमळ जास्तच वेळ लागला. नांदेडहून परतताना माझे वडील रेल्वेच्या डब्यात कसे बसत असतील, ते मला त्या क्षणी कळलं. काय विचारायचं ते त्यांना माहीत होतं. नकार आला तर काय, हेही माहीत होतं. सरांकडे तारीख नसली तर माझ्या सगळ्या सुट्ट्या गेल्या, दाराशी पुन्हा माझ्याच चपला. आणि सई माझ्यासमोर उभी होती. आल्यापासून पहिल्यांदाच तिचे हात स्थिर होते.

"सर," मी म्हणाले, "भारत हिला कधी खेळवणार?"

"आधी कॅम्प लागंल, मग—"

"कॅम्प नाही. मॅच."

"निवड व्हती, मंग दौरा ठरतो..."

"तारीख, सर."

सरांनी जर्सीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "आजी, खरं सांगू का? कॅम्पला लई पोरी येत्यात. गोलकीपरच पाच-सहा असत्यात. ही त्यांच्यात उजवी हाय, माझी खात्री हाय. पन मॅच कधी, कुनाशी, मला नाय ठाव. दिल्लीला इचारलं, तर म्हनले, कळवतो. तोवर ते घर सोडू नका."

"म्हणजे बोलून ठेवा."

सरांनी मान डोलावली. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या हातात असतं तर त्यांनी तिला त्याच दिवशी मैदानात उतरवलं असतं.

सई म्हणाली, "मग मी दोघांनाही हो म्हणत नाही." आवाज चढवला नाही, की डोळ्यात पाणी नाही. "माझ्या क्लबमध्ये मी दर शनिवारी खेळते, आजी. बाकावर नाही बसत. जो मला मॅच देईल त्याच्याशी मग बोलू."

"आणि कुणी दिलीच नाही तर?"

"तर शनिवार आहेच." मग ती एकदम सरांकडे वळली. "सर, आज कुठं मॅच आहे का?"

"आज?" सर गडबडले. "पाचला आमखासवर हाय. आमच्याच पोरी आपसात. पन चिखल लई झालाय."

"गोलकीपर आहेत दोन्हीकडे?"

"एकीचं बोट सुजलंय, तिच्या जागी कुनीतरी—"

"मी."

"अगं माय! हिला काय झालं तर दिल्ली मला सोडंल का?"

"आणि मला नॉर्वे," मी म्हणाले. "चला, रिक्षा बघा."

आमखासवर सकाळच्या सरीने पाणी साचलं होतं. मुली शहागंजच्या, छावणीच्या, दोघी-तिघी हिजाब बांधून, एक अनवाणी. त्यांनी सईला आपादमस्तक न्याहाळलं आणि लगेच तिचं बारसं करून टाकलं: नॉर्वे. कुणी तिच्या पासपोर्टची चौकशी केली नाही. रामकिसन सरांनी शिट्टी फुंकली आणि पहिल्याच झटक्यात एक साधा, घरंगळत आलेला चेंडू चिखलावरून सटकून सईच्या हाताखालून आत गेला.

"ए नॉर्वे, बॉल देख ना! आसमान में क्या देखरी?"

"तुम्ही मागे या ना मग!" सई ओरडली. "सगळ्या पुढे काय करताय, लग्न आहे का?"

मैदानभर हशा पिकला. मी कडेला सरांच्या मोटारसायकलीला टेकून उभी होते. बसायला जागा होती, पण बसवत नव्हतं. ती रविवारी जाणार. पुढच्या जुलैत येईल, न येईल. ती आडवी झेपावली, पालथी पडली, उठली; कोपरापासून पायापर्यंत काळी माती. पंधरा दिवसांत तिचा चेहरा इतका निवळलेला मी पाहिला नव्हता.

पिशवीत फोन वाजला. रूपाली.

"आई, काय ठरलं? पाठवू ना अर्ज?"

"नको. काही पाठवू नकोस."

"म्हणजे भारत? तूच वळवलंस ना तिला? मला माहीत होतं. माझ्या वेळेला पण असंच केलंस!"

"भारतही नाही."

"मग? मी सिलियाला काय सांगू? आणि त्या दिल्लीवाल्यांना?"

"दोघांना एकच सांग. पोर मोकळी आहे. मॅचची तारीख घेऊन या म्हणावं."

"खरंच?" रूपाली म्हणाली. बहुधा तिला माझं म्हणणं खरं वाटेना. मलाही पुरतं वाटत नव्हतं. इकडे मुलींचा गलका वाढला, सर हातवारे करत ओरडायला लागले, अनवाणी पोर चेंडू घेऊन मैदानाच्या कोपऱ्यातल्या झेंड्याकडे पळाली.

"आई, आहेस ना? तिथं एवढा आरडाओरडा कसला चाललाय?"

"कॉर्नर आहे," मी म्हणाले. "फोन ठेव."