रत्नप्रभाचा पगार

विनायकने बायकोच्या हातातली पर्स काढून आपल्याकडे घेतली. रत्नप्रभा पर्सची साखळी बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, आणि ती सारखी वाजत होती.

“कंपनीत काय काम करता विचारलं, तर खरेदी बघते, एवढंच म्हणायचं,” आयकर कार्यालयाच्या बाकावर तो कुजबुजला. “नाहीतर तुझा सात वर्षांचा पगार खोटा ठरेल. दंड भरता भरता कारखाना विकावा लागेल.”

तिची पाचावर धारण बसली होती. अवधपुरीजवळच्या त्यांच्या शेडमध्ये मोठ्या सरकारी कारखान्यासाठी नट-बोल्ट बनत, आणि कागदोपत्री ती कंपनीची डायरेक्टर होती. आपल्याला पगार आहे, हे तिला परवा नोटीस आल्यावर कळले. दर एक तारखेला ती पोळ्या लाटत असताना विनायक कागद पुढे करी, आणि ती पिठाचा हात पुसून रेव्हेन्यू स्टँपवर सही करी. नवऱ्याने बोट ठेवले तिथे सही करण्याआधी वाचायचे असते, हे माहेरी कुणी शिकवले नव्हते. सासरी तर कोण शिकवणार!

आत विनायकच्या शेजारी बसून तिने साहेबांपुढे खरेदीचे उत्तर पाढ्यासारखे म्हटले. साहेबांनी ते लिहून घेतले आणि पगाराच्या पावत्यांची चळत तिच्यापुढे सरकवली.

“ये दस्तखत आपके हैं?”

“जी.”

“पूरी रकम आपको मिली?”

हे कुणी पढवले नव्हते. प्रत्येक पावतीवर सहा हजार होते. गेल्या एप्रिलच्या पावतीवर तिचे बोट थांबले. तेव्हा उज्जैनला आई अखेरच्या घटका मोजत होती, आणि विनायक म्हणाला होता, तिकिटालाही पैसे नाहीत, पुढच्या महिन्यात जा. पुढच्या महिन्यात ती तेराव्याला गेली.

तिने नवऱ्याकडे पाहिले. त्याची कॉलर घामाने भिजली होती आणि मान वर होत नव्हती. तिला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

“मिली,” ती म्हणाली.

बाहेर स्कूटरपाशी आल्यावर विनायकने सुटकेचा निःश्वास टाकला.

“वाचवलंस गं! घाबरली होतीस ना?”

“अजून घाबरलेलीच आहे. अहो, उद्या त्यांनी विचारलं, त्या पैशांचं काय केलंत, तर काय सांगायचं मी?”

विनायक खिशात किल्ली शोधत राहिला. किल्ली त्याच्या हातातच होती.