डाव्या रकान्यातली ओळ

"मी सांगतो त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसायचा नाही," काशीरामबाबा म्हणाले आणि फळ्यापाशी जाऊन त्यांनी मधुकरच्या हातातला खडू काढून घेतला.

एरवी मंडळी हसली असती. बाबांचं सगळं खरं मानायचं तर मुलुंडच्या डोंगरातला बिबट्या एका ईस्टरच्या पहाटे उपासनेला आला होता, मागच्या बाकाखाली आशीर्वादापर्यंत बसला होता आणि कुणाला ओरखडाही न काढता परत गेला होता. फक्त जाताना एका पंचाकडे जरा जास्त वेळ बघत राहिला होता. तो पंच कोण, हे बाबा समोर कोण बसलंय ते पाहून ठरवत. आज मात्र कुणी हसलं नाही. फळ्यावर दोन रकाने होते.

महापालिकेच्या शाळेतला सातवीचा तो वर्ग दर रविवारी सकाळी तेवीस कुटुंबांचं देऊळ व्हायचा. आज उपासना आटोपल्यावर मधुकरने फळ्यावर मधोमध उभी रेघ मारली होती. ज्यावर मतभेद चालतील ते उजवीकडे. ज्यावर चालणार नाहीत ते डावीकडे. डावीकडचं ज्याला पटत नसेल त्याने आपली वेगळी वाट धरावी. मधुकर भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होता आणि मंडळीचा पंच. पट्टी लावल्यासारखं सरळ बोलायचा. उजवा रकाना भराभर भरला. बायकांनी डोक्यावर पदर घ्यावा की नाही, प्रभुभोजनाला एकच प्याला की लहान लहान पेले, उपासनेत ढोलकी, गळ्यात मंगळसूत्र. डावीकडे त्रैक्य, पुनरुत्थान, कृपेने तारण. त्यावर कुणाचं दुमत नव्हतंच. मग मधुकरने जराही न थांबता डावीकडे चौथी ओळ लिहिली: 'लहान मुलांवर पाणी शिंपडणे हा बाप्तिस्मा नव्हे.'

आधी विश्वास, मग पाणी, असं त्याचं म्हणणं. कडेवरच्या लेकराला विश्वास कसला? म्हणून पुढच्या रविवारी सगळ्यांनी खारदांड्याला समुद्रात बुडून नव्याने बाप्तिस्मा घ्यायचा. जो घेणार नाही त्याने प्रभुभोजनाला बसायचं नाही.

त्यावर त्याची आत्या वनमालाबाई उभी राहिली. तिला नगरकडच्या खेड्यात, आईच्या मांडीवर असताना बाप्तिस्मा मिळाला होता.

"दुष्काळात माझ्या आयनं मला पाळकांच्या हातात दिलं. ते खोटं व्हय रे?"

"खोटं नाही, आत्या. पण बाप्तिस्मा पण नाही."

"मग आमी येतो," वनमालाबाई म्हणाली आणि गीतपुस्तक पिशवीत घालू लागली. तिच्यामागे अकरा कुटुंबांनी आपापली गीतपुस्तकं उचलली. मुलुंडची मंडळी तिथेच, सातवीच्या बाकांवर, मधोमध चिरली जात होती.

ती ओळ कुठून आली ते वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं आणि ते कुणीच तोंडाने बोलणार नव्हतं. गेल्या वर्षी मधुकर आणि मालनचं पहिलं मूल सहाव्या दिवशी दवाखान्यात गेलं. बाप्तिस्मा देणारे पाळक गावाला गेले होते, तो राहून गेला. कबरस्तानात ते आले, पण प्रार्थनेचं पुस्तक त्यांनी उघडलं नाही. बाप्तिस्म्याविना मेलेल्यासाठी हा विधी वाचू नये, असं त्या पुस्तकातच छापलेलं होतं. माणूस वाईट नव्हता. मिटलं पुस्तक छातीशी धरून रडत उभा होता. प्रार्थनेचा एकही शब्द कानी न पडता मधुकरने माती लोटली. पुढे पाळकांची बदली झाली, आणि मधुकर वर्षभर शास्त्र उघडून बसला. शेवटी त्याला जे हवं होतं ते सापडलं. तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा नसतोच. म्हणजे त्याच्या मुलाचं काही राहून गेलंच नव्हतं.

आता त्याचा हा आधार काढून घ्यायचा तर त्या जागी दुसरं काहीतरी ठेवायला हवं होतं. बाबांनी निम्मं आयुष्य उपदेशक म्हणून काढलं होतं. एवढं त्यांना कळत होतं. गीतपुस्तकं पिशव्यांत जाताना त्यांनी पाहिली होती, आणि म्हणूनच ते उठले होते.

"पाचव्या दिवशी मी दवाखान्यात आलो होतो," ते म्हणाले. "मालनला विचार. आलो होतो का नाही?"

खिडकीजवळच्या बाकावर बसलेल्या मालनने मान हलवली. ते खरं होतं. बाबा आले होते, येताना दोन मोसंबी घेऊन. नर्सने मालनला जेवायला खाली पाठवलं होतं आणि दहा मिनिटं पाळण्यापाशी बाबा एकटेच होते.

त्या दहा मिनिटांची गोष्ट बाबांनी सांगितली. सावकाश, हातवारे न करता, जसे ते कधीच सांगत नसत. खिडकीत पाण्याचा स्टीलचा पेला होता. झाकण म्हणून ठेवलेली बशी काढून त्यांनी दोन बोटं बुडवली आणि पोराच्या कपाळावर तीनदा पाणी लावलं. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने.

मधुकर फळ्याला पाठ लावून उभा होता. खडूने पांढरी झालेली बोटं तो पँटला पुसत होता. पुसून झाली तरी पुसत राहिला.

"नावाशिवाय बाप्तिस्मा देता येत नाही," तो म्हणाला. "त्याचं नाव ठेवलं नव्हतं."

"मी ठेवलं. तुझ्या वडिलांचं. कुंडलिक."

वनमालाबाई पिशवी मांडीवर घेऊन पुन्हा खाली बसली.

"आणि त्या दिवशी कबरस्तानात गप्प का होतात?" मधुकरने विचारलं. "पाळक पुस्तक मिटून उभे होते. तुम्ही माझ्या शेजारी होतात, बाबा. हाताच्या अंतरावर."

"घाबरलो."

एवढंच. बिबट्याला शेपटीचा गोंडासुद्धा लावून देणाऱ्या बाबांनी ह्या शब्दाला काही जोडलं नाही. मग खाली बघत म्हणाले, की पाळकांनी त्यांना, नुसत्या उपदेशकाला, विधी करायला बंदी केली होती. पेला समोर होता, पोर समोर होतं, आणि ती बंदी डोक्यात. माणूस म्हातारा झाला तरी साहेबाला घाबरतो.

बाबांकडे बघणाऱ्या काही डोळ्यांत राग उतरला होता, आणि बाबांनी तो अंगावर घेतला. एक मूल मातीत जाताना गप्प राहिलेला म्हातारा, असंच आता ह्या मंडळीत त्यांचं नाव राहणार होतं. मंडळी तरी राहणार होती.

मधुकर वळला. फळ्यावरच्या चौथ्या ओळीकडे त्याने बराच वेळ पाहिलं. मग डस्टर न शोधता उजवा तळवा टेकवला आणि 'नव्हे' पुसलं. मग 'बाप्तिस्मा' पुसायला लागला. खांदे हलत होते. पाठमोरा असल्यामुळे चेहरा कुणाला दिसला नाही.

"बाबा," तो तसाच म्हणाला, "त्याला कळलं असेल?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण त्या पाठमोऱ्या माणसाला नुसतं 'हो' देणं बाबांच्या जिवावर आलं. आयुष्यभराची खोड होती ती, आणि मायाही होती.

"कळलं म्हणजे? पाणी लागलं आन् पोरगं असं रडलं, असं रडलं, की पलीकडच्या खाटांवरच्या बाया उठून बसल्या. थेट तुझ्या बापाचा आवाज, मधू. मी त्याला म्हटलं, गप रे कुंडलिका, नर्स मला हाकलून देईल."

मागच्या बाकांवर कुणीतरी रडता रडता हसलं. मालन उठली. पदर सावरून ती बाकांमधून दोन पावलं पुढे आली, आणि कुणाला रागवायचं नसताना बोलावं तशा आवाजात बोलली.

"खोटं नका बोलू, बाबा. तो रडायचा नाही. सहा दिवसांत एकदा पण रडला नाही. त्या दिवशी मी जेवायला गेलेच नव्हते. दाराशेजारच्या जिन्यात उभी होते, कान लावून. आतून ना त्याचं रडणं आलं, ना तुमचं एक अक्षर."