साडेचार आटे

"दाबा, साहेब."

"दाबलंय."

"पूर्ण?"

"पायाखाली आता पत्राच आहे, मिस्तरी. आणखी दाबलं तर टाच रस्त्याला लागेल."

उघड्या बॉनेटखाली वाकून मिस्तरीने बघितलं. आत साहेबांचा पाय तळाला टेकलेला आणि इकडे इंजिनात हवा सोडणारी झडप जेमतेम अर्धी उघडलेली. "उघडली, पूर्ण," तो ओरडून म्हणाला. झडप अर्धीच उघडावी ही सोय त्यानेच केलेली होती, त्यामुळे नवल वाटायचं काही कारण नव्हतं.

केबलचं काम दोन माणसांचं. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने बाहेर उभं राहून केबल किती ओढली जाते ते बघायचं. आत बसलेल्याला समोर उभं केलेलं बॉनेट तेवढं दिसतं. बाहेरचा जे सांगेल ते खरं मानायचं, एवढंच त्याच्या हातात असतं. साहेब असे आत बसायला लागले त्याला अठ्ठावीस वर्षं झाली होती. गाडी त्याहून दोन वर्षांनी मोठी; क्लच नसलेली, गिअर आपले आपण बदलणारी.

साहेब वजनमापे खात्यात निरीक्षक होते. बाजारात ते दिसले की दुकानदार उगीचच तराजू पुसायला घेत. कोणत्या वजनाच्या बुडातलं शिसं काढून घेतलंय आणि कोणत्या पारड्याखाली चुंबक आहे, हे त्यांना दारातून कळायचं म्हणे. अशा माणसाला मिस्तरी फसवू शकला याचं कारण साधं होतं. मिस्तरीला त्यांनी कधी तपासलंच नव्हतं.

मिस्तरीला आसपासचे लोक 'अर्धा आटा' म्हणत. इंजिन धडधडतंय, अर्धा आटा. ब्रेक लागत नाही, अर्धा आटा. पान्याने अर्धा आटा फिरवायचा आणि हात पुसायचे, ही त्याची पद्धत. त्याच शेडच्या दुसऱ्या टोकाला त्याची बायको गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची. ती गिऱ्हाइकांना सांगे, "लग्नाला होकारसुद्धा अर्धाच आटा दिला होता यांनी. बाकीचा मी पिळून घेतला."

सव्वादोन वर्षांपूर्वी साहेबांची मुलगी एकटीच शेडमध्ये आली होती. साहेबांनी मोठ्या रस्त्यावर दोन ट्रकांच्या मधून गाडी काढली, असं तिला कोणा ओळखीच्याने सांगितलं होतं. "दादा, आई गेल्यापासून बाबा कोणाचंच ऐकत नाहीत. गाडी जरा मंद करता येते का? त्यांना कळू न देता." डोळ्यांत पाणी आलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं, हे मिस्तरीला कोणी शिकवलेलं नव्हतं. दर तीन महिन्यांच्या सर्व्हिसला तो पेडलची केबल अर्धा आटा सैल करू लागला. साहेब म्हणाले, गाडी म्हातारी झाली. मिस्तरी म्हणाला, व्हायचीच. मध्येच गिअर पडताना झटका बसतो अशी साहेबांनी तक्रार केली, तेव्हा त्याने गिअरबॉक्सला जाणारी केबलही ढिली केली. झटका गेला. साहेब खूश, मुलगी खूश आणि खरं सांगायचं तर मिस्तरीही स्वतःवर खूश होता.

आज मात्र साहेब गाडीतून उतरले ते निघाले नाहीत. मिस्तरीच्या बायकोने पुढे केलेल्या स्टुलावर बसले, पँटच्या सुरकुत्या सारख्या केल्या.

"गुरुवारी अक्काकडे निघालो होतो."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. वय शहाऐंशी, अंथरुणाला खिळलेली, टेकडीपलीकडे मुलाकडे राहायची. साहेब दर गुरुवारी जायचे, तिची नखं कापायचे, तिला पेपर वाचून दाखवायचे आणि लहानपणी पाटी कोणी फोडली यावर तिच्याशी भांडून परत यायचे. आता जगात त्यांना 'अरे' म्हणणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं.

"चढावर गाडी नुसती ओरडायला लागली," साहेब म्हणाले. "पुढे जाईना. मग मागे सरकायला लागली. मागे ट्रक होता. ट्रकवाला शहाणा, वेळीच थांबला. हातभर अंतर राहिलं असेल."

मिस्तरीला लगेच कळलं. इंजिन ओरडतं आणि चाक ओढत नाही, म्हणजे गिअरबॉक्समधल्या प्लेटी घसरताहेत. ती केबल ढिली असली की इंजिन किती जोर लावतंय हे गिअरबॉक्सला कळत नाही, मग तोही आतली पकड ढिली ठेवतो. आणि केबल कोणी ढिली केली, हे काही शोधायला जायला नको होतं.

"गाडीला दोष देत नाही मी," साहेब म्हणाले. "माझा पाय गेलाय."

"पाय?"

"गाडी मंद झाली तेव्हा पहिला संशय मला पायाचाच आला. घरी वजनकाटा आहे. तो भिंतीला टेकवायचा, समोर खुर्ची घेऊन बसायचं आणि उजव्या पायाने दाबायचा. दर महिन्याला बघतो. पहिल्या दिवशी एकतीस किलो, परवाही एकतीस किलो. काटा म्हणतो पाय ठणठणीत आहे. इकडे तू म्हणतोस झडप पूर्ण उघडते, केबल उत्तम. मग दोघांतला एक खोटा. मी काटा टाकून दिला."

सगळी नोकरी काट्यांवर शिक्के मारण्यात घालवलेल्या माणसाने मिस्तरीच्या शब्दावर काटा टाकून दिला होता.

"तेव्हा आता पुरे," साहेब म्हणाले. "लायसन परत करतो. गाडी तू ठेव. विकू नकोस, वापर. तुझ्याइतकं तिला कोण ओळखतं?"

"आणि अक्का?"

"मुलगी नेईन म्हणते. जमेल तेव्हा. तिलाही तिची नोकरी आहे, घर आहे. महिन्यातून एकदा धर." "अक्काला अजून सांगितलं नाही."

पलीकडचं शिलाई मशीन थांबलं. बायकोने चष्म्यावरून नवऱ्याकडे बघितलं.

मूग गिळून बसलं असतं तरी भागणार होतं. मुलीला हेच हवं होतं. साहेब रस्त्यावर येणार नव्हते, म्हणजे धोका टळला. वर गाडी घरबसल्या मिळत होती. फक्त साहेब घरी जाऊन उरलेले दिवस आपल्या चांगल्या पायाला बोल लावत बसणार होते, आणि अक्का गुरुवारी दाराकडे बघत राहणार होती. मिस्तरीला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"साहेब, तुमचा पाय ठीक आहे."

"समजूत घालू नकोस."

"समजूत नाही घालत. झडप अर्धीच उघडते. केबल मी सैल केलीय."

साहेबांनी मान वर केली. "कोणाच्या सांगण्यावरून?"

"माझ्या हाताने केलीय, साहेब."

"ते कळलं. कोणाच्या सांगण्यावरून?"

मिस्तरी हातातला पाना पुसू लागला. "मुलीच्या," साहेब स्वतःच म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "किती?"

"साडेचार आटे."

"एकदम?"

"नाही. दर सर्व्हिसला अर्धा."

"नऊ वेळा." साहेबांना हिशेब करावा लागला नाही. "नऊ वेळा तू मला दाबा म्हणालास आणि मी दाबलं. नऊ वेळा बाहेरून ओरडून सांगितलंस, पूर्ण. आजची धरून."

आवाज चढला असता, चार शिव्या बसल्या असत्या, तर मिस्तरीला सुटल्यासारखं वाटलं असतं. साहेब पंचनामा लिहून घ्यावा तसे विचारत होते.

"आणि चढावरचं?"

मिस्तरीने गिअरबॉक्सच्या केबलचंही सांगितलं. काही हातचं राखून ठेवलं नाही.

"म्हणजे मी हळू जावं म्हणून तू हे केलंस, आणि त्यापायी मी ट्रकखाली जात होतो."

"हो," मिस्तरी म्हणाला.

"नीट कर."

त्याने नट सैल केले, दोन्ही केबली ओढून जागेवर आणल्या, नट पुन्हा बसवले. गिअरबॉक्सचं तेल काढलं तर काळं आणि जळका वास मारणारं. ते बदललं. साहेब बाजूला उभे राहून सगळं बघत होते. काम झालं तेव्हा मिस्तरी सवयीने म्हणाला, "बसा, साहेब, आत."

"तू बस."

मिस्तरी साहेबांच्या सीटवर बसला. सीट त्याला मागे पडत होती. साहेब बॉनेटखाली वाकले, तेव्हा ते दिसेनासेच झाले.

"दाब."

"दाबलं. किती उघडली, साहेब?"

"हे असं असतं होय," साहेब बाहेर स्वतःशीच म्हणाले, आणि मग, "पूर्ण." मिस्तरीने ते खरं मानलं. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

निघताना साहेब गाडीत बसले तेव्हा मिस्तरी खिडकीशी गेला. "आतल्या प्लेटी बदलाव्या लागतील. तोवर चढावर जाऊ नका. मी बदलून देतो. दुसरीकडे न्यायची असेल तर तेही बरोबरच आहे."

"खोटा काटा सापडला म्हणून दुकान बंद करत नव्हतो आम्ही," साहेब म्हणाले.

"मग?"

"दर महिन्याला जायचो." त्यांनी गाडी सुरू केली. "मुलीशी मी बोलेन. तू फोन करू नकोस."

गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत मिस्तरी बघत राहिला. बायको म्हणाली, "हात धुवा, जेवून घ्या." तो म्हणाला भूक नाही. तिने आग्रह केला नाही.

प्लेटी बदलायला त्याला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत साहेब रोज सकाळी येऊन स्टुलावर बसत आणि संध्याकाळी जात. गिअरबॉक्स खाली उतरला, उघडला, भरला, पुन्हा चढला; पेडलची केबलही नवी पडली. त्यांनी प्रत्येक जळकी प्लेट हातात घेऊन बघितली.

महिन्याने ते आले तेव्हा मुलगी बरोबर होती. तिने मिस्तरीकडे बघून मान हलवली, पण दादा म्हणाली नाही. आता गुरुवारी ती अर्धी रजा काढते, बाबा चालवतात आणि ती शेजारी बसते, असं तिने मिस्तरीच्या बायकोला सांगितलं. चढावर ती डोळे मिटून घेते, असंही म्हणाली. बायको म्हणाली, "मग उपयोग काय?" तेव्हा मात्र ती हसली.

"तू आत बस," साहेब मुलीला म्हणाले. "सांगितलं की पेडल दाबायचं."

मिस्तरी वाकला, आणि त्याच्या खांद्यामागे साहेब वाकले. त्यांनी खिशातून टॉर्च काढला. दिवस होता, तरी बॉनेटच्या सावलीत केबल नीट दिसत नसे. इतक्या वर्षांत मिस्तरीच्या हातांवर असा उजेड कोणी धरला नव्हता.

"बाबा, किती उघडली?" मुलीने आतून विचारलं.

"जराशी बाकी आहे," साहेब म्हणाले. "नवी केबल ताणली असेल. हो ना, मिस्तरी?"

"हो, साहेब. अर्धा आटा लागेल."

"कुठल्या बाजूला?"

मिस्तरीने बोटाने दाखवलं. साहेबांनी उजेड नटवर आणला आणि तिथेच स्थिर ठेवला. मिस्तरीने पाना लावला आणि साहेबांना मोजता यावं म्हणून अगदी सावकाश फिरवला.