लहान मापाचे हातमोजे

घरात जनरेटर घ्यायचा हे ठरायला एक दिवस लागला आणि कुठला घ्यायचा हे ठरायला चार महिने. तो एक दिवस माझा, आणि चार महिने आमच्या मिस्त्रींचे.

मिस्त्री म्हणजे माझे यजमान. बसच्या बॉड्या बांधायच्या कारखान्यात त्यांनी छत्तीस वर्षं वेल्डिंग केलं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणतात. मीसुद्धा म्हणते, विशेषतः राग आला की.

आमचं घर वस्तीच्या अगदी टोकाला आहे. वीज आमच्यापर्यंत पोचते ती दमून, आणि दिवसातून दोनदा तरी पोचतच नाही. मी घरी शाळेचे युनिफॉर्म आणि पडदे शिवते. वीज गेली की माझं मशीन थांबतं, पाण्याचा पंप थांबतो, आणि माझं तोंड सुरू होतं. म्हणून मीच म्हटलं, आता जनरेटर घेऊया. त्यावर मिस्त्री म्हणाले, "घ्यायचाच तर वेल्डिंगवाला घेऊ. इंजिन एकच, त्यावर घरही चालतं आणि वेल्डिंगचा रॉडही. साधं वेल्डिंग मशीन आपल्या लाइनवर लावलं तर सगळ्या गल्लीचे दिवे फडफडतील, आणि भांडायला लोक तुझ्याकडे येतील."

मी लगेच हो म्हटलं आणि मग पस्तावले. कारण मिस्त्रींचा उजवा हात थरथरतो. दीड वर्ष झालं. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, गोळ्या घ्या, थोडा फरक पडेल. फरक पडला तो चहाच्या कपापुरता. गच्चीवर जाणाऱ्या बाहेरच्या जिन्याला त्यांनी कठडा लावायला घेतला होता, तो सहाव्या पायरीपाशी थांबला तो थांबलाच. वरच्या नऊ पायऱ्या उघड्या. बाहेरचा वेल्डर बोलवू म्हटलं की ते त्याच्या सात पिढ्यांच्या कामाला नावं ठेवून मोकळे होतात. आणि स्वतः दिवसभर काय करतात? माझ्या स्वयंपाकघरात उभे राहतात. मागच्या महिन्यात माझे सगळे डबे त्यांनी उंचीप्रमाणे लावून ठेवले. मला हळद सापडेना. मी भांडणार होते, पण डब्यांच्या रांगेकडे बघत उभा राहिलेला तो माणूस इतका रिकामा दिसत होता की मी न भांडता हळद शोधत बसले. छत्तीस वर्षं ज्याच्यावाचून बसगाड्या अडून राहायच्या, त्याच्यावाचून आता कुणाचं काही अडत नव्हतं. मला हे बघवत नव्हतं.

चार महिने ते मशीनच्या माहितीचे कागद जमवत होते. मुलीने फोनवर सांगितलं, "आई, मी सगळ्या मशीनचा तक्ता करून पाठवते." तिने पाठवला. मिस्त्रींनी तो नीट वाचला, घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली ठेवला. "मशीन तक्त्यावर कळत नाही, कानाला कळतं," म्हणाले.

भीती मला ह्याचीच होती. ते ज्या दुकानात जाणार होते तिथली रीतच अशी, की मागच्या शेडमध्ये भंगारातली प्लेट ठेवलेली असते, आणि गिऱ्हाइकाने स्वतः रॉड चालवून बघितल्याशिवाय मशीन विकलं जात नाही. मिस्त्री तिथे छत्तीस वर्षं जात होते. नवे वेल्डर त्यांच्या पाठीमागे उभे राहून बघायचे म्हणे. आता त्याच शेडमध्ये चार लोकांसमोर तो रॉड प्लेटवर नाचला असता, तर हा माणूस पुन्हा कधी रॉडचा होल्डर हातात धरणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

म्हणून मी एक आगाऊपणा केला. आदल्या दिवशी दुकानदाराला फोन लावला. "भाऊ, उद्या मिस्त्री येतील. त्यांना ट्रायल घ्यायला लावू नका. काहीतरी कारण काढा."

"वहिनी, मिस्त्रींसमोर मी काय कारण काढणार?"

"रॉड संपले म्हणा."

"रॉडच्या दुकानात रॉड संपले?"

"मग तुम्हाला सुचेल ते म्हणा," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. दुकानात तीन मशीनं मांडून ठेवली होती. पहिलं डिझेलचं, चाकांवरचं, एखाद्या म्हशीएवढं. मिस्त्रींनी ते चालू करायला लावलं आणि डोळे मिटून उभे राहिले. त्यांचा चेहरा इतका खुलला की मला वाटलं, संपलं, आता हे धूड अंगणात येणार आणि माझे पडदे काळे होणार. पण डोळे उघडून ते मला म्हणाले, "दोरी ओढ."

"कसली?"

"त्या दुसऱ्याची. पेट्रोलचं आहे ना, दोरी ओढून चालू करायचं. ओढ."

हात थरथरतो म्हणून मला ओढायला लावतायत, असं समजून मी मुकाट्याने ओढली. तीनदा ओढली, खांदा निखळायची वेळ आली. मिस्त्रींनी नकाराची मान हलवली. तिसऱ्या मशीनपाशी गेलो. तेही पेट्रोलचंच, पण आटोपशीर, माझ्या गुडघ्याच्या वर येईल एवढं. दुसऱ्या ओढीला ते सुरू झालं. मग मिस्त्रींचे प्रश्न सुरू झाले. शिलाई मशीनची मोटर ह्यावर गुरगुरणार नाही ना? पंप आणि फ्रिज एकदम चालतील का? वेल्डिंग चालू असताना घराला किती वीज उरते?

"दिवे, पंखे चालतील," दुकानदार म्हणाला. "पण रॉड पेटला असताना पंप लावू नका. दोघंही अर्धपोटी राहतील."

"केबल किती लांब? मशीन अंगणातून न हलवता गच्चीपर्यंत गेली पाहिजे. होल्डर ह्याहून हलका नाही का? दाखव." हलका होल्डर आला. तो त्यांनी माझ्या हातात दिला. "कसा वाटतो?"

"मला काय कळतंय? ठीक आहे."

"मनगटावर ओझं येतं का?"

"नाही हो!"

मग ते दुकानदाराला म्हणाले, "चला, ट्रायल घेऊ."

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. बिचाऱ्याला घाम फुटला होता. "मिस्त्री, त्याचं असं झालंय... आज शेडमध्ये... रंग दिलाय. ओला आहे."

"भंगाराच्या शेडला रंग?"

"हो. म्हणजे, थोडा."

मिस्त्रींनी खिशातून कागदात गुंडाळलेले रॉड काढले. सकाळी उन्हात ठेवून कोरडे केलेले त्यांचे स्वतःचे रॉड. "ओल्या रंगाला मी हात लावणार नाही. आणि लहान मापाचे हातमोजे आहेत का?"

"आहेत. पण मिस्त्री, तुमच्या पंजाला ते बसणार नाहीत."

"माझ्यासाठी नकोत. हिच्यासाठी हवेत."

मला समजायला थोडा वेळ लागला. दोरी, होल्डर, मनगट. चार महिने हा माणूस स्वतःसाठी मशीन शोधतच नव्हता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"मला विचारलंत? मी वेल्डिंग करणार? ह्या वयात? शिवणकाम काय कमी आहे? जगात दुसरा वेल्डर नाही?"

"आहेत की. घाईत करतात." मिस्त्री शांत होते. मी ओरडले की ते नेहमीच शांत होतात, त्याचाही मला राग येतो. "तू शर्टाला हाताने काजं करतेस तेव्हा श्वास धरून ठेवतेस. शेवटच्या धाग्यापर्यंत हात हलत नाही तुझा. तीस वर्षं बघतोय मी. असा हात आमच्या कारखान्यात दोघांचाच होता." मग दुकानदाराकडे वळून ते सरळ म्हणाले, "माझा हात गेला रे. दीड वर्ष झालं. कान आणि डोळे मात्र शाबूत आहेत. तेवढ्यावर कठडा होईल, फक्त हात उसना पाहिजे."

दुकानदाराने कपाळ पुसलं. "वहिनी, म्हणजे आता मी खरं बोललो तर चालेल ना? रंगबिंग काही दिलेला नाही."

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. मला लाज वाटली. ज्या गोष्टीवर पांघरूण घालायला मी लोकांना खोटं बोलायला लावत होते, ती त्यांनी दोन वाक्यांत सांगून टाकली होती. आणि तीस वर्षं मी शिवणावर वाकलेली असताना हा माणूस माझे हात बघत होता, हे मला माहीतच नव्हतं. राग असा भर्रकन उतरला की मलाच चुकल्यासारखं झालं.

"एका अटीवर," मी म्हटलं. "माझ्या डब्यांना हात लावायचा नाही."

"कबूल."

शेडमध्ये मला हातमोजे घातले, काळ्या काचेचं हेल्मेट चढवलं. आत घुप्प अंधार. मिस्त्रींचा आवाज तेवढा येत होता. "काडी ओढतेस तसा रॉड ओढ." मी ओढला. ठिणगी उडाली आणि रॉड प्लेटला घट्ट चिकटला. मी किंचाळले. "उपट! मनगटाने! हां. सगळ्यांचा चिकटतो. पुन्हा."

चौथ्या खेपेला तो पेटला. काचेतून एक हिरवा थेंब दिसू लागला, वितळलेला, हलणारा. मिस्त्री पाठ करून उभे होते, बघायला त्यांच्याकडे दुसरी काचही नव्हती. नुसत्या आवाजावर ते बोलत होते. "लांब गेलीस. जवळ घे. आता सारखं तळल्यासारखं वाजतंय बघ, तसंच ठेव. पळू नकोस. तस्सं." मी श्वास धरून ठेवला होता, हे मला रॉड संपल्यावर कळलं.

हातोडीने वरची खपली उडवली. खाली चार बोटं लांब वेल्ड होता, कुठे जाडा, कुठे बारीक, सुरवंट चालत गेल्यासारखा. मिस्त्रींनी प्लेट उचलली. ती त्यांच्या हातात थरथरत होती आणि त्यांनी ती तशीच थरथरू दिली. "वाईट आहे," ते म्हणाले. "पण एका लयीत वाईट आहे." आणि दुकानदाराला म्हणाले, "हेच दे. पेट्रोलचं, तिसरं." डिझेलच्या त्या धुडावरून जाताना त्यांनी हात फिरवला, पण थांबले नाहीत.

पहिले दहा दिवस मी सरावासाठी भंगारावर रॉड जाळले. दुपारी वीज गेली की त्याच मशीनवर माझे युनिफॉर्म शिवून होत, पंप चालत असे, आणि मिस्त्री इंजिनापाशी बसून तेल बघत. अकराव्या दिवशी आम्ही सातव्या पायरीचा खांब उभा केला. संध्याकाळपर्यंत तीन झाले. दुसरा मिस्त्रींनी मला कापायला लावला आणि पुन्हा जोडायला लावला, कारण तो त्यांच्या डोळ्यांना सुतभर कलता वाटत होता. मला तो सरळ दिसत होता. आमचं जोरात भांडण झालं. शेवटी ओळंबा लावला, तर तो सुतभर कलता निघाला.

रात्री जेवताना माझं मनगट दुखत होतं आणि मला छान वाटत होतं, हे मी कुणालाच सांगितलं नसतं. मिस्त्री वहीत उद्याची मापं काढत होते. रेघा वेड्यावाकड्या, आकडे बरोबर. मग पेन्सिल खाली ठेवून कारखान्यात कामगाराशी बोलावं तसं ते मला म्हणाले, "उद्या साडेसातला सुरू करायचं. उन्हाच्या आत दोन खांब झाले पाहिजेत. उशीर केलेला मला चालणार नाही."

एरवी अशा बोलण्यावर मी ताट आपटलं असतं. त्या रात्री मी उठून साडेसहाचा गजर लावला.